नको म्हणणारा रुग्ण आणि परत घेता येणारी चूक

प्रश्न एका तरुण निवासी डॉक्टरांचा आहे, तो आधी थोडक्यात सांगते. अपघातातून आलेला तिशीतला माणूस. तोंडाला दारूचा वास, पोट ताठ, रक्तदाब घसरत चाललेला. पोटात रक्त साठतंय हे सोनोग्राफीत दिसतंय. तो म्हणतो, ‘मला ऑपरेशन नको, घरी जाऊ द्या.’ सोबतचा भाऊ म्हणतो, ‘त्याचं काही ऐकू नका, तुम्ही करा.’ पाठ केलेली चार तत्त्वं इथे एकमेकांच्या अंगावर येतात, मग ठरवायचं कशावर? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: एकदा श्वासाची नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, की तो थांबवणं आपल्या हातात उरतं का?

चार तत्त्वांना नावं ठेवायचं कारण नाही. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय ही चौकट ब्यूशँप आणि चिल्ड्रेस या अमेरिकी नीतितज्ज्ञांनी १९७९ मध्ये मांडली आणि तेव्हापासून ती जगभर शिकवली जाते. ओढाताण नेमकी कुठे आहे हे ती दाखवते. चारांपैकी आधी कोणाचं ऐकायचं हे मात्र ती सांगत नाही. म्हणून कॅज्युअल्टीत या तत्त्वांकडे वळण्यापूर्वी मी स्वतःला दोन साधे प्रश्न विचारते. माझ्याकडे खरोखर किती वेळ आहे? आणि माझं चुकलंच, तर कोणती चूक उद्या परत घेता येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण सहसा घाईच्या बाजूने चुकवतो. आरडाओरडा, रक्त, नातेवाइकांची गर्दी यांत सगळंच ‘आत्ताच्या आत्ता’ वाटतं. पण श्वासमार्ग बंद झालेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात. प्लीहा फुटलेला, पण रक्त चढवल्यावर दाब टिकवून धरणारा माणूस बोलण्यापुरता वेळ देतो. डोक्याला जबर मार लागलेल्याचं पुढे काय होणार हे कळायला तर दिवस जावे लागतात. पॅरासिटामॉलच्या विषबाधेचं उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी त्या रुग्णाला बरं वाटत असतं, त्यामुळे तो उपचार सहज नाकारतो. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला, तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. दुसऱ्या तासाला ‘नको’ म्हणणाऱ्याजवळ खुर्ची ओढून बसता येतं, मनोविकारतज्ज्ञांना बोलावता येतं, त्याचं ज्याच्याशी पटतं त्याला फोन लावता येतो. सातव्या तासाला यातलं बरंचसं हातातून गेलेलं असतं. माणूस तोच, नकार तोच, पण आपण त्याच्याशी कसं वागणं योग्य ठरेल हे बदललेलं असतं.

संमतीशिवाय उपचार करण्याची मुभा म्हणून जी सवलत आपण सर्रास सांगतो, तीही घड्याळाशीच बांधलेली आहे. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल लिहिला की सज्ञान आणि मनाने ठीक असलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क आहे. अपवाद त्यांनी लगेच नोंदवला: रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती मिळेपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर. म्हणजे दोन अटी. रुग्ण स्वतः बोलू शकत नाही आणि थांबता येत नाही. तिसरी अट मी त्यात घालते: त्याने आधीच स्पष्ट नकार देऊन ठेवलेला नाही. या तिन्ही पुऱ्या झाल्या नसतील, तर ‘इमर्जन्सी होती’ हे उत्तर पुरेसं नाही. मोडलेल्या घोट्याला प्लास्टर नको म्हणणारा माणूस केवळ कॅज्युअल्टीत बसलाय म्हणून त्याचा नकार हलका होत नाही.

आता तुमचा रुग्ण. तो शुद्धीत आहे, बोलतोय, म्हणून आधी त्याची निर्णयक्षमता पाहायची. चार गोष्टी तपासायच्या. सांगितलेलं त्याला समजलं का. ते आपल्याला लागू आहे हे तो मानतो का. पर्यायांची तुलना करून काही कारण देऊ शकतो का. आणि एक निर्णय सांगून त्यावर टिकतो का. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अपेलबाम आणि मानसशास्त्रज्ञ ग्रिसो यांनी ही मांडणी रुळवली. तिच्यासाठी छापील तक्ता लागत नाही, दोन मिनिटं लागतात. ‘पोटात रक्त वाहतंय, ते थांबवलं नाही तर तुम्ही आज रात्री मराल’ हे एवढ्याच साध्या शब्दांत सांगा आणि मग विचारा, ‘मी आत्ता काय म्हणाले ते तुम्ही मला सांगा.’ त्यानंतर, ‘घरी गेलात तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ पहिल्या प्रश्नाला तो बरोबर उत्तर देईल आणि दुसऱ्याला ‘काही होत नाही, झोपलो की बरं वाटेल’ म्हणेल. गाळण बहुतेक वेळा इथेच होते. शब्द समजणं आणि ते आपल्याबद्दल आहेत हे मानणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी चढली नसेल तर क्षमता नाही.

दारूचा वास म्हणजे अक्षमता नव्हे. रक्तातल्या अल्कोहोलचा आकडाही ते ठरवत नाही. रोज पिणारा माणूस मोठ्या आकड्यावरही नीट हिशेब मांडतो आणि कधीतरी पिणारा छोट्या आकड्यावर बरळतो. उलट प्राणवायूची कमतरता, घसरलेला रक्तदाब, डोक्याचा मार आणि असह्य वेदना या चार गोष्टी माणसाचं ‘नको’ बनवू शकतात, आणि त्यांतल्या तिघींवर आपण पुढच्या दहा मिनिटांत काहीतरी करू शकतो. प्राणवायू लावा, रक्त चालू करा, वेदनाशामक द्या. ‘मॉर्फिन दिलं तर संमती अवैध होईल’ ही भीती वॉर्डावॉर्डांतून ऐकू येते. बेतशीर मात्रेने विचारशक्ती जात नाही; वेदनेने मात्र जाते. कण्हत असलेल्या माणसाकडून घेतलेली सही मला जास्त संशयास्पद वाटते.

आणि कारण विचाराच. ‘नको’ हा कितीदा तरी ऑपरेशनला नसतो. घरी लहान मूल एकटं असतं. पूर्वी कोणीतरी ऑपरेशन टेबलावर गेलेलं असतं. गाडी चालवताना प्यायल्याबद्दल पकडतील ही धास्ती असते. मुलाजवळ शेजारी जाऊन बसले की होकार येतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ही विचारपूस नीतिशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण एखाद्या माणसाच्या स्वायत्ततेला याहून मोठा मान कोणता द्यायचा ते मला माहीत नाही.

नकाराचे परिणाम जितके गंभीर आणि कायमचे, तितका क्षमतेचा पुरावा स्वच्छ मागायचा, हे बहुतेक ठिकाणी मान्य आहे आणि मलाही पटतं. पण त्यातली एक खोच डोळ्यांआड होते. क्षमता आपण फक्त ‘नको’ म्हणणाऱ्याची तपासतो. त्याच गोंधळलेल्या अवस्थेत तो ‘हो, करा’ म्हणाला असता, तर आपण कागद पुढे केला असता आणि सही घेऊन मोकळे झालो असतो. अशा होकारामागे संमती नसते. ऑपरेशन योग्य असू शकतं, पण ते आणीबाणीच्या अपवादाखाली चाललंय हे स्वतःशी तरी मान्य करावं.

भावाचं काय? त्याची परवानगी तुम्हाला नको आहे, त्याची साक्ष हवी आहे. ‘करू का?’ असं विचारलंत तर तो आपल्या भीतीचं उत्तर देईल. ‘हे नेहमी असंच बोलतात का? आजारपणाबद्दल, ऑपरेशनबद्दल पूर्वी कधी काही म्हणाले होते का?’ असं विचारा. ‘सकाळपर्यंत चांगला होता, डॉक्टरांना कधी घाबरत नाही, आज हा वेगळाच बोलतोय’ हे वाक्य तुमच्या निर्णयात भर घालतं. ‘तुम्ही करा’ हे घालत नाही.

तर तुम्ही सांगितलेल्या माणसाबाबत माझं उत्तर: दाब घसरतोय, सांगितलेलं आपल्याला लागू आहे हे तो मानत नाही, शुद्ध डोक्याने दिलेला आधीचा नकार नाही, थांबायला वेळ नाही. ऑपरेशन करा. केल्यावर तो चिडला, तर चिडायला तो जिवंत आहे. न केल्यावर आपलं चुकलं असेल तर ते कोणासमोर मान्य करणार? पण तो शुद्धीवर आला की त्याला हे सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेही स्वतःहून, त्याने विचारण्याची वाट न पाहता. ‘तुम्ही नको म्हणत होतात. त्या वेळी तुम्हाला परिस्थिती कळत नाही असं माझं मत झालं, म्हणून मी तुमच्या शब्दाविरुद्ध गेले.’ आणि दुसऱ्या ऑपरेशनला त्याने स्वच्छ डोक्याने नकार दिला, तर तो नकार चालतो. पहिल्या वेळेची मुभा पुढे ओढत न्यायची नाही.

‘परत घेता येणारी चूक करा’ या माझ्या नियमाला एक भिंत आहे, आणि ती कुठे आहे हे कॅनडातल्या एका खटल्याने दाखवलंय. १९७९ मध्ये एका अपघातानंतर ऑन्टारियोतल्या रुग्णालयात एका बेशुद्ध स्त्रीला आणलं. तिच्या पर्समध्ये सही केलेलं कार्ड होतं: मी यहोवाची साक्षीदार आहे, कोणत्याही परिस्थितीत मला रक्त देऊ नका. रक्त घेणं निषिद्ध मानणारा हा ख्रिस्ती पंथ. कार्डावर तारीख नव्हती, साक्षीदाराची सही नव्हती. डॉक्टरांना ते दाखवण्यात आलं. तिचा जीव धोक्यात आहे असं पाहून त्यांनी रक्त दिलं. मुलगी येऊन थांबवा म्हणाली, तरी थांबवलं नाही. ती स्त्री वाचली, बरी झाली आणि तिने दावा लावला. १९९० मध्ये अपील न्यायालयाने वीस हजार डॉलरची भरपाई कायम केली. डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे न्यायालयाने मान्य केलं. तरी हा तिच्या शरीरावरचा आघात आहे असंच म्हटलं.

निवासी डॉक्टरांना हा निकाल खटकतो. मला तो बरोबर वाटतो. नकार स्पष्ट, आधीचा आणि तिचा स्वतःचा असेल, तर ‘जीव वाचला की बाकी सगळं दुरुस्त होतं’ हा आपला हिशेब तिच्यावर लादायचा अधिकार आपल्याला उरत नाही. तिच्या दृष्टीने दिलेलं रक्त परत घेता येत नाही. अशा रुग्णांबाबत डॉक्टरचं कसब वेगळ्या जागी लागतं. रक्तस्राव थांबवायला वेळ न दवडता ऑपरेशन थिएटर गाठायचं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लगेच द्यायचं, स्वतःचंच रक्त गोळा करून परत देणारं यंत्र चालेल का ते विचारायचं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, रक्त गोठवणारे घटक यांबद्दल त्या पंथातली माणसं आपापलं ठरवतात, तेव्हा यादी वाचून एकेक विचारा. आणि रुग्ण शुद्धीत असेल तर हे संभाषण सगळ्यांना बाहेर काढून करा. कुटुंबासमोर दिलेला नकार आणि एकट्याने दिलेला नकार नेहमी सारखा नसतो. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा नकार जीवरक्षक उपचार अडवू शकत नाही. तिथे आधी रक्त, मग न्यायालय.

समजा, क्षमता आहे, धोका कळलाय आणि तरीही तो माणूस निघून जातोय. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याकडून सही घ्यायचा तो कागद ही आपल्या कर्तव्याची शेवटची पायरी समजली जाते, ते चूक आहे. पहिल्या पसंतीचा उपचार नाकारला म्हणून दुसऱ्या पसंतीचा काढून घ्यायचा नसतो. गोळ्या द्या, जखम बांधून द्या, कोणती लक्षणं दिसली तर यायचं ते लिहून द्या आणि ‘कधीही परत या, कोणी काही बोलणार नाही’ हे तोंडाने सांगा. रागाने पाठवलेला रुग्ण परत येताना उशीर करतो.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून अवघड वाटतो. सुरू न करणं आणि सुरू केलेलं थांबवणं यांत नैतिक फरक नाही, असं नीतिशास्त्राचे बहुतेक अभ्यासक सांगतात. खाटेशेजारी उभं राहिल्यावर तसं वाटत नाही, हेही खरं. पण थांबवता येणार नाही या समजुतीचा परिणाम बघा: ‘उगीच अडकून पडेल’ म्हणून डॉक्टर नळी घालायलाच बिचकतात आणि ज्याला संधी मिळायला हवी होती तो सुरुवातीलाच वगळला जातो. माहिती अपुरी असताना सुरू करणं हीच परत घेता येणारी चूक आहे, पण ती खरोखर परत घेण्याची तयारी असेल तरच. म्हणून सुरू करतानाच मुदत ठरवा आणि नातेवाइकांना सांगा: ‘आम्ही सगळं करतोय. तीन दिवसांनी पुन्हा बसू. तोपर्यंत अमुक सुधारणा दिसली तर पुढे जाऊ, नाही दिसली तर वेगळ्या दिशेने विचार करू.’

तीन दिवस मी सहज म्हणत नाही. डोक्याच्या जबर दुखापतीत पहिल्या रात्री वर्तवलेलं भविष्य स्वतःलाच खरं करून दाखवतं. कॅनडातल्या सहा मोठ्या ट्रॉमा केंद्रांमधल्या ७२० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका केंद्रात मृत्यूचं प्रमाण १०.८ टक्के, दुसऱ्या टोकाला ४४.२. झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के जीवरक्षक उपचार थांबवल्यावर झाले होते, आणि त्यांतले निम्मे पहिल्या तीन दिवसांत. ‘हा जगणार नाही’ म्हणून उपचार काढले, तो गेला, आणि अंदाज बरोबर ठरल्याची नोंद झाली. पुढच्या रुग्णाच्या वेळी तोच अनुभव म्हणून पुढे येतो. हे आकडे पाहिल्यापासून ‘माझ्या अनुभवानुसार’ असं म्हणणाऱ्या वरिष्ठांपासून, माझ्यासकट, मी थोडी सावध राहते.

दुसरी बाजूही तितकीच खडबडीत. मेंदूवरचा दाब कशानेच उतरत नसेल तर कवटीचा मोठा भाग काढून जागा करून देतात. ‘रेस्क्यूआयसीपी’ ही ४०८ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये आली. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात २६.९ टक्के मृत्यू, औषधांच्या गटात ४८.९. फरक प्रचंड आहे. पण वाचलेल्यांपैकी सगळे घरी चालत गेले नाहीत. कायमच्या निश्चेतन अवस्थेत राहिलेले ८.५ टक्के विरुद्ध २.१, आणि दुसऱ्यावर पूर्ण अवलंबून असलेलेही ऑपरेशनच्या गटात जास्त. थेट ‘ऑपरेशनने जीव वाचतो, सही करा’ असं म्हटलं तर खोटं नाही, पण अर्धंच सांगितलं. मी सांगते: ‘यांना वाचवायची शक्यता वाढेल. वाचले तर ज्या अवस्थेत वाचतील ती त्यांना चालेल का, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असू शकेल.’ मग विचारते, ‘ते आत्ता इथे खुर्चीत बसून हे सगळं ऐकत असते, तर काय म्हणाले असते?’ ‘तुमची काय इच्छा?’ असं विचारून निर्णयाचं ओझं पत्नीच्या किंवा मुलाच्या डोक्यावर ठेवू नये. निर्णयाची शिफारस आपणच करायची, त्यांनी त्या माणसाची ओळख करून द्यायची. आणि मरण हा शब्द वापरा. ‘परिस्थिती गंभीर आहे’ हे वाक्य ऐकून कोणालाच काही कळत नाही.

हृदय बंद पडल्यावर दिल्या जाणाऱ्या ॲड्रिनॅलिनचीही गोष्ट अशीच आहे. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या आठ हजारांहून अधिक लोकांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ॲड्रिनॅलिनने ३.२ टक्के आणि त्याविना २.४ टक्के होतं. मात्र वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण ३१ विरुद्ध १७.८ टक्के. यावरून औषध बंद करा असं मी म्हणत नाही, आम्हीही देतो. पण ‘जगला’ हे एकच मोजमाप ठेवलं तर काय डोळ्यांआड होतं ते यात दिसतं.

निष्फळ आहे हे ठाऊक असताना नातेवाइकांना दिसावं म्हणून हळूहळू छाती दाबत राहायचं, हा प्रकार अजून चालतो. मी त्याला फसवणूक म्हणते. थांबायचं ठरलं असेल तर थांबा आणि बाहेर जाऊन सांगा. उलट खरं पुनरुज्जीवन चालू असताना जवळच्या माणसाला आत उभं राहू द्यायला आपण घाबरतो. फ्रान्समध्ये ५७० नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांना आत थांबण्याचा पर्याय दिला होता, त्यांच्यात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं कमी होती, आणि त्यामुळे उपचारात अडथळा आला नाही की कज्जेही वाढले नाहीत. सोबत एक नर्स द्या, काय चाललंय ते ती सांगत राहील.

एकाच वेळी अनेक जखमी आले की आतापर्यंतचं सगळं गणित उलटं होतं. समोरच्या एका माणसाचं सर्वोत्तम हित हे उद्दिष्ट मागे पडतं आणि जास्तीत जास्त माणसं वाचवणं पुढे येतं. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लॅरे यांनी हुद्दा न पाहता दुखापतीच्या गांभीर्यावर क्रम लावला, ती या विचाराची सुरुवात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ पद्धत आजही वापरतात: चालू शकतो तो हिरवा, श्वासमार्ग उघडूनही श्वास नाही तो काळा, मिनिटाला तीसहून जास्त श्वास, मनगटाची नाडी न लागणं किंवा साधी सूचना न पाळता येणं यांपैकी काहीही असेल तर लाल, उरलेले पिवळे. यात नैतिक काम कुठे आहे? काळी पट्टी लावणाऱ्या हाताला वाटतं की आपण मरण ठरवलं. पट्टी फक्त ‘या क्षणी, एवढ्या हातांनिशी नाही’ एवढंच म्हणते. लाल रुग्ण पुढे हलवून झाले, जादा माणसं आली, की काळ्यांकडे परत जायचं असतं, आणि हे परत जाणंच गोंधळात राहून जातं.

नियम आंधळेपणाने लावू नये याचा नमुना म्हणजे वीज पडून झालेले जखमी. तिथे क्रम उलटा: जे मेल्यासारखे पडलेत त्यांच्याकडे आधी जा. जे श्वास घेताहेत ते बहुतेक वाचणारच असतात. वीज पडल्यावर थांबलेलं हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होतं, पण श्वास त्यामानाने उशिरा परततो. मधल्या वेळात कोणी श्वास दिला तर माणूस उठून बसू शकतो.

महासाथीतली वाटणी मात्र यापेक्षा वेगळी आणि जास्त काटेरी होती. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आयसीयूत घेण्यासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकेल असं उघडपणे लिहिलं. त्यांच्यावर टीका झाली. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला, निकष नाही. वयामागे लपलेली गोष्ट म्हणजे वाचण्याची शक्यता, तर थेट तीच मोजावी. आणि वाटणी करणारा डॉक्टर उपचार करणारा नसावा. स्वतःच्या रुग्णासाठी भांडायचं आणि त्याच वेळी त्याच्याकडून यंत्र काढून दुसऱ्याला द्यायचं, हे एका माणसाला जमत नाही, जमू नये. हेच रक्तपेढीतल्या शेवटच्या पिशव्यांबाबत. भरमसाट रक्त चढवत असताना ‘इतक्या पिशव्यांनंतर थांबून विचार करायचा’ हा टप्पा शांत वेळी ठरलेला असावा आणि त्या चर्चेत थिएटरबाहेरचा एक वरिष्ठ असावा.

काही गोष्टी पटकन. हल्लेखोर आणि ज्याच्यावर हल्ला झाला तो, दोघे एकदम आले तर क्रम जखमेवरून लागतो. कोणी काय केलं ते ठरवणारे वेगळे लोक असतात. पोलिसांसाठी रक्ताचा नमुना घ्यायचा की नाही हे तिथला कायदा सांगेल, पण उपचारासाठी घेतलेला नमुना गुपचूप तपासाकडे वळवायचा नाही. जखमीला हात लावण्याआधी कागदपत्रांची वाट पाहणं कुठेच समर्थनीय नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आणि भारतात १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते नि:संदिग्ध केलंय.

शेवटची गोष्ट कामाच्या पद्धतीची. निर्णय मोठ्याने घ्या. ‘याला क्षमता नाही असं मला वाटतंय, कारण हे आणि हे. कोणाला वेगळं दिसतंय का?’ पाच सेकंद थांबा आणि उत्तर देणाऱ्याकडे बघा. पुष्कळदा अडवणारी माहिती नर्सकडे असते, कारण रुग्ण तिच्याशी बोललेला असतो. मग केसपेपरवर वेळ घाला आणि रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहा: ‘झोपलो की बरं वाटेल.’ तुम्ही काय विचारलंत, तो काय म्हणाला, रक्तदाब किती होता, भावाने काय सांगितलं. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहू नका. त्यातून पुढच्या पाळीच्या डॉक्टरला रुग्णाबद्दल काहीच कळत नाही, तुमच्याबद्दल मात्र कळतं.